वॉलपेपर निघाला, खळ उरली

दिवाणखान्यातल्या एका भिंतीवर वॉलपेपर लावण्याची हौस बऱ्याच घरांत झाली. काही वर्षांनी सांधे उचकटतात, कोपरे सुटतात आणि मग ‘कागद काढा, रंग मारा’ असं ठरतं. या दोन कामांच्या मधलं काम मात्र पेंटरच्या अंदाजपत्रकात नसतं आणि घरमालकाच्या डोक्यातही नसतं. नव्या रंगाचे पोपडे बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतात.

गैरसमज १ : कागद निघाला म्हणजे भिंत मोकळी झाली.

वस्तुस्थिती : व्हायनिल वॉलपेपरचा वरचा प्लास्टिकचा थर अनेकदा सुकाच सोलून निघतो आणि मागचा पातळ कागद भिंतीला राहतो. तोही काढला तरी खळ उरतेच. ही खळ सहसा स्टार्चची किंवा मिथाइल सेल्युलोजची असते आणि पाणी लागलं की दोन्ही फुगतात. इमल्शन रंगात पाणी असतंच. रंगाचा पहिला हात बसला की सुकलेली खळ पुन्हा ओली होते. सुकताना ती आकसते आणि वरच्या रंगाला बारीक तडे जातात, पिवळट डाग उमटतात. भिंत ओल्या स्पंजने पुसून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर खळ शिल्लक आहे. टिंक्चर आयोडीन पाण्यात मिसळून थेंबभर लावलं आणि जागा निळी-काळी झाली, तर खळ स्टार्चची. रंग बदलला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण मिथाइल सेल्युलोज या परीक्षेत सापडत नाही.

गैरसमज २ : पाणी जितकं जास्त, तितकी भिंत स्वच्छ.

वस्तुस्थिती : सिमेंटचं प्लास्टर पाणी सोसतं. जिप्सम प्लास्टर किंवा पीओपी भिजून मऊ पडतं आणि जिप्सम बोर्डाचा कागद फुगतो. म्हणून कोमट पाणी आणि पिळलेला स्पंज घ्या, एका वेळी थोडाच भाग ओला करा, खळ मऊ होऊ द्या आणि पट्टी जवळजवळ आडवी धरून खरवडा. बादलीतलं पाणी वरचेवर बदला. गढूळ पाण्याने निघालेली खळच पुन्हा भिंतीवर पसरते. स्विचबोर्डाजवळ हात घालण्यापूर्वी मेन स्विच बंद करा.

गैरसमज ३ : उरलंसुरलं पुट्टीखाली झाकून जातं.

वस्तुस्थिती : झाकलं जातं, पण टिकत नाही. खळीवर बसलेली पुट्टी खळीसकटच सुटते. पुट्टी खड्डे आणि ओरखडे भरण्यासाठी असते आणि तीही धुऊन सुकलेल्या भिंतीवरच. एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्या आणि सुकल्यावर १८० ते २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. भिंतीला लावून तिरपा टॉर्च मारला की राहिलेले उंचवटे लगेच दिसतात.

गैरसमज ४ : हाताला कोरडी लागली की भिंत सुकली.

वस्तुस्थिती : पृष्ठभाग आधी सुकतो, आतली ओल मागे राहते. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. खाली पाण्याचे थेंब किंवा दमटपणा दिसला तर थांबा. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हे काम काढूच नये हे उत्तम.

गैरसमज ५ : काळे डाग दोन हातांत लपतात.

वस्तुस्थिती : व्हायनिल ओलीला बाहेर पडू देत नाही. त्यामुळे बाहेरच्या किंवा बाथरूमलगतच्या भिंतीवर कागदामागे बुरशी वाढते. ओल कुठून येते ते शोधून बंद केल्याशिवाय रंगवलं, तर बुरशी रंगातून वर येते. डाग बुरशीनाशक द्रावणाने धुवा. ब्लीच वापरलं तर त्यात ॲसिड किंवा दुसरा कुठलाही क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

गैरसमज ६ : प्रायमर कुठलाही चालतो.

वस्तुस्थिती : पाण्याचा प्रायमर राहिलेली खळ रंगासारखीच ओली करतो. नीट धुऊनही कुठे अंश राहिल्याची शंका असेल, किंवा जिप्सम बोर्डाचा कागद फाटून आतला तपकिरी थर उघडा पडला असेल, तर तिथे ऑईल प्रायमर बरा. खिडक्या मात्र उघड्या ठेवा. न धुतलेल्या भिंतीला कुठलाच प्रायमर वाचवत नाही.

गैरसमज ७ : घासकामाची धूळ निरुपद्रवी असते.

वस्तुस्थिती : जुन्या घरात वॉलपेपरखाली त्याहून जुना ऑईल पेंट असू शकतो आणि त्यात शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग कोरडा घासू नका. पेपर ओला ठेवा, चांगला मास्क लावा, मुलांना आणि गर्भवतींना त्या खोलीपासून दूर ठेवा.

पेंटरशी बोली करताना ‘कागद काढणे, खळ धुणे, सुकवणे’ ही कामं पुट्टी आणि प्रायमरपासून वेगळी लिहून घ्या. पेंटरला त्या मेहनतीचे पैसे मिळतात आणि पुट्टी लागण्यापूर्वी बोट फिरवून भिंत तपासायची संधी तुम्हाला मिळते.