छपराची मजुरी : ठरवावी कशी, मोजावी कशी



गळीत हंगाम आटोपला, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्या, की आपल्या भागात दुसरा हंगाम सुरू होतो, तो बांधकामाचा. उसाचे बिल खात्यावर जमा झालेले असते, खोडव्याला पाणी चालू असते आणि वळवाचे ढग जमायच्या आत डोक्यावरचे छप्पर पुरे करायची प्रत्येकाला घाई असते. अक्षय तृतीयेच्या सुमारास कोणत्याही गावातून फेरी मारा, दोन-चार घरांवर तरी सेंट्रिंगच्या प्लेटा चढलेल्या दिसतील.

सिमेंट, सळई, खडी, वाळू यांचा भाव दुकानात विचारता येतो, पावतीही मिळते. गाडे अडते ते मजुरीपाशी. "छपराची मजुरी किती धरावी?" असे सभासद आम्हाला नेहमी विचारतात. याला एकच आकडा सांगून भागत नाही. गावोगावचा भाव वेगळा, आणि एकाच गावात चैत्रातला भाव वेगळा, भाद्रपदातला वेगळा. पण हिशोबाची रीत सगळीकडे एकच आहे. ती समजली तर कोणी फसवणार नाही आणि आपणही कोणाला फसवणार नाही. म्हणून या अंकात ती मांडत आहोत. सुरुवात आमच्याच फजितीपासून करू.

आमच्या घरची गोष्ट

तीन वर्षांपूर्वी आम्ही आमचे वडिलार्जित कौलारू घर उतरवून त्याच जागी स्लॅबचे घर बांधले. मोजमाप सरळ होते. भिंतीच्या बाहेरून २५ फूट रुंद, ४० फूट लांब, म्हणजे हजार फूट. मिस्त्री ओळखीचे. माल आमचा, मजुरी त्यांची, असे उक्ते काम ठरले. ओट्यावर चहा पिता पिता भाव निघाला आणि आम्ही नेहमीप्रमाणे घासाघीस करून फुटामागे दहा रुपये तोडले. मिस्त्री जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तात्या, दहा रुपयं लई होत्यात. उद्या माणसं कमी पडली तर मला बोल लावू नका." आम्ही ते हसण्यावारी नेले. कागद केला नाही. उचल मात्र रोख दिली.

पहिली ठिणगी टेप लावल्यावर पडली. भिंती ओल्या होऊ नयेत म्हणून स्लॅब चारी बाजूंनी दीड फूट बाहेर काढला होता. म्हणजे माप २८ गुणिले ४३, एकूण १२०४ फूट. आम्ही म्हणालो, "मिस्त्री, हजार फूट ठरलं होतं." त्यावर ते म्हणाले, "भाव ठरला हुता तात्या. फूट कुठं ठरलं हुतं?" खरे बोलले. २०४ फुटांचा जास्तीचा पैसा मुकाट्याने द्यावा लागला.

दुसरी गोष्ट अधिक महागात पडली. स्लॅबच्या दिवशी सकाळी नारळ फोडला आणि माणसे मोजली, तर चौदा. अशा स्लॅबला वीस-बावीस तरी लागतात. दुपारपर्यंत निम्मेही काम झाले नव्हते. दिवस मावळला तेव्हा मधल्या खोलीच्या डोक्यावर काम थांबले आणि उरलेला भाग दुसऱ्या दिवशी सकाळी टाकला. पहिल्याच पावसाळ्यात मधल्या खोलीत एका सरळ रेषेत थेंब गळू लागले. ती रेषा म्हणजे काम थांबले ती जागा. आदल्या दिवशी आवळलेल्या काँक्रीटला दुसऱ्या दिवशीचे काँक्रीट नीट धरत नाही, हे आम्हाला बादली मांडल्यावर कळले. गळती बंद करायला जो खर्च आला, तो घासाघिशीत वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त होता.

दहा रुपये म्हणजे किती हात?

आता हिशोब करू. १२०४ फुटांवर फुटामागे दहा रुपये म्हणजे १२,०४० रुपये. बिगाऱ्याचा रोज ६०० रुपये धरला (आपापल्या गावचा भाव घालावा), तर हा वीस बिगाऱ्यांचा एका दिवसाचा रोज झाला. आम्ही दहा रुपये तोडले ते मिस्त्रींच्या खिशातून जातील असे आम्हाला वाटले. प्रत्यक्षात ते स्लॅबवरच्या हातांतून गेले.

हे हात काय उचलतात तेही पाहू. पाच इंच जाडीचा १२०४ फुटांचा स्लॅब म्हणजे सुमारे ५०० घनफूट, म्हणजे पाच ब्रास काँक्रीट. वजन भरते ३५ टनांच्या आसपास. आपल्या भाषेत सांगायचे तर डबल ट्रॉलीच्या दोन भरगच्च खेपांचा ऊस. एका घमेल्यात २५ किलो धरले तर चौदाशे घमेली होतात. लिफ्ट असली तरी ती भरायची, रिकामी करायची आणि माल पसरायचा माणसांनीच, तेही एका दिवसात.

हात कमी पडले की आणखी एक गोष्ट घडते. काँक्रीट लवकर पसरावे म्हणून मिक्सरमध्ये पाणी वाढते. एकास दीड, तीन या प्रमाणात एका पोत्याला ३० लिटरपेक्षा जास्त पाणी घालू नये, असे भारतीय मानक सांगते. जास्त पाण्याने माल पातळ होऊन पटकन पसरतो, पण वाळल्यावर कच्चा राहतो. म्हणजे मजुरीत केलेली काटकसर सिमेंटच्या शंभरावर पोत्यांना भोवते.

याउलट अंदाज असा बांधावा. समजा, चार गवंडी ९०० रुपये रोजाने आणि अठरा बिगारी ६०० रुपये रोजाने आले. त्यांचे झाले ३,६०० अधिक १०,८००, म्हणजे १४,४०० रुपये. मिक्सर-लिफ्टचे भाडे ४,५०० धरा. एकूण १८,९०० रुपये, म्हणजे फुटाला सोळा रुपयांच्या आत. हे फक्त स्लॅब टाकण्याच्या दिवसाचे. यातून दहा रुपये काढा म्हटल्यावर उरते काय, ते सांगायला नको.

एका भावात तीन कामे

"स्लॅबची मजुरी" असे आपण एका शब्दात म्हणतो, पण त्यात तीन कामे असतात. पहिले सेंट्रिंग. प्लेटा, टेकू, बल्ल्या लावणे आणि पुढे काढणे. यात मजुरीबरोबर सामानाचे भाडेही येते. दुसरे सळई तोडणे, वाकवणे, बांधणे. काही ठिकाणी याची मजुरी फुटावर देतात, काही ठिकाणी सळईच्या वजनावर. तिसरे प्रत्यक्ष स्लॅब टाकणे. तिन्ही मिळून एक भाव आहे की प्रत्येकाचा वेगळा, हे आधी विचारावे.

जे भावात नसते त्याची यादी मोठी आहे. जुने छप्पर उतरवणे, राडारोडा हलवणे, जिना, छज्जा, पाण्याच्या टाकीचा कट्टा, पॅरापेट, वॉटरप्रूफिंग, व्हायब्रेटरचे भाडे, डिझेल, स्लॅबच्या दिवसाचे जेवण. दोन मिस्त्रींच्या भावात वीस रुपयांचा फरक दिसला, तर स्वस्त कोण आणि महाग कोण हे ठरवण्याआधी ही यादी दोघांपुढे ठेवावी. बहुधा फरक तिच्यातच सापडतो.

मिस्त्री मजुरीवर जीएसटी लावू लागले तर एक नियम ध्यानात ठेवावा. एकट्या राहत्या घराच्या नव्या बांधकामाचे काम फक्त मजुरीने दिले असेल, तर त्या मजुरीवर जीएसटी माफ आहे. माल आणि मजुरी एकत्र दिली किंवा काम जुन्या घराच्या दुरुस्तीचे असले, तर ही माफी लागू होत नाही.

पत्रा आणि कौले : उताराचे फूट

सर्वांनाच स्लॅब परवडत नाही, आणि गोठ्याला, शेडला त्याची गरजही नसते. तेथे पत्रा किंवा कौल. यात भांडण होते ते मापावरून, कारण घरमालक जमीन मोजतो आणि मिस्त्री उतार मोजतो.

वरच्याच घराचे उदाहरण घ्या. जमिनीवर हजार फूट. वळचण दीड फूट बाहेर काढली की १२०४. पत्र्याला पाच फुटांस एक फूट उतार दिला तर प्रत्यक्ष पत्रा बसतो सुमारे १२२८ फूट. कौलांना उतार जास्त लागतो. दोन फुटांस एक फूट धरला तर माप जाते १३४६ फुटांवर. म्हणजे दहा ब्रासचे घर पत्र्याला सव्वाबारा आणि कौलाला साडेतेरा ब्रास होते. यात मिस्त्रीची लबाडी नाही, उताराचे गणित आहे. मात्र कोणत्या मापाने पैसे द्यायचे, हे वासे चढण्याआधी ठरले पाहिजे.

मंगलोरी कौले चौरस मीटरला साधारण १५ लागतात. फूटतूट धरून ब्रासला दीडशेचा अंदाज बांधावा. साडेतेरा ब्रासला दोन हजारांवर कौले झाली, आणि प्रत्येक कौल हातोहात वर जाते. जुनी कौले उतरवून, निवडून, पुन्हा बसवायची असतील तर ते दुहेरी काम आहे. त्याची मजुरी नव्या कौलांइतकीच मागू नये. पत्र्याच्या कामात कैच्या आणि पाइप यांचे वेल्डिंग वजनावर, आणि पत्रा बसवणे फुटावर, अशी वाटणी करतात. स्क्रू, वॉशर कोणाचे, तेही विचारून ठेवावे.

टेकूंची घाई

प्लेटा भाड्याच्या असल्या की त्या जितक्या लवकर सुटतील तितका सेंट्रिंगवाल्याचा फायदा. पण स्लॅबच्या गाळ्याची रुंदी साडेचार मीटरपर्यंत (सुमारे १५ फूट) असेल तर टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस, आणि तुळईखाली ६ मीटरपर्यंत १४ व पुढे २१ दिवस ठेवावेत, असे मानक आहे. हे दिवस भाव ठरवतानाच बोलून घ्यावेत. नाहीतर दहाव्या दिवशी "दुसऱ्या गावी काम खोळंबलंय" म्हणून गाडी दारात उभी राहते.

पाणी मारण्याचे काम बहुधा घरमालकाकडेच असते. उन्हाळ्यात साध्या सिमेंटला किमान १० दिवस आणि पीपीसी सिमेंटला १४ दिवस स्लॅब ओला राहिला पाहिजे. वर मातीची आळी करून पाणी तुंबवावे. उसाच्या फुटव्याला जपतो तितके या दोन आठवड्यांत स्लॅबला जपावे.

कागद करावा

आपण कारखान्याच्या काट्यावर उभे असतो तेव्हा वजनाची पावती हातात पडल्याशिवाय हलत नाही. पाच-दहा किलोचा फरक वाटला तरी विचारतो, आणि ते योग्यच आहे. तोडणी-वाहतुकीचा करार लेखी होतो, उचल लिहून घेतली जाते. मग ज्या छपराखाली पुढच्या दोन पिढ्या झोपणार, त्याचा व्यवहार चहाच्या कपावर का?

वहीचे एक पान पुरे. त्यावर लिहावे : भाव किती, माप कोणते, तीन कामांपैकी कोणती धरली, यादीतले काय धरले नाही, स्लॅबच्या दिवशी किमान माणसे किती, टेकू किती दिवस, पैसे कोणत्या टप्प्याला. आमच्या मते थोडी उचल, सेंट्रिंग आणि सळई तपासल्यावर काही, स्लॅब पडल्यावर मोठा भाग, आणि दहावा हिस्सा टेकू निघेपर्यंत राखून, असे टप्पे बरे. काम मध्येच थांबवायची वेळ आलीच तर कोठे थांबायचे, हे इंजिनिअरला आधी विचारून ठेवावे. दुसऱ्या दिवशी जुनी कड खरवडून, धुऊन, सिमेंटची स्लरी लावूनच पुढचा माल टाकावा. दोघांच्या सह्या झाल्या की मिस्त्रीलाही संरक्षण मिळते. पैसे बुडवणारे घरमालकही आपल्यातच आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही.

वर चढलेली माणसे

शेवटी एक गोष्ट. छपराचे काम पडण्याचे काम आहे. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर थेट पाय देऊ देऊ नये, आडव्या फळ्या टाकाव्यात. ओल्या सकाळी कौलावर चढवू नये. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या मजुराची नोंद बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे होऊ शकते. तुमच्याकडे काम करणाऱ्यांची नोंद आहे का, एवढे विचारायला पैसे पडत नाहीत. पाटी उचलणाऱ्या बाईचा रोज गड्यापेक्षा कमी का, हेही मिस्त्रीला विचारावे. सारख्या कामाला सारखा मोबदला हा कायदा १९७६ सालीच झाला आणि आजच्या वेतन संहितेतही ते तत्त्व कायम आहे.

ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळाले पाहिजे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, आणि पंधरावा दिवस उजाडला की आपण कारखान्याच्या ऑफिसात हजर असतो. स्लॅब टाकून संध्याकाळी हातपाय धुऊन अंगणात बसलेल्या माणसांचे पैसे त्याच संध्याकाळी चुकते करावेत. आमच्याकडून त्या दिवशी तेही झाले नाही. काम अर्धे राहिले म्हणून आम्ही रागावलो होतो. पैसे दुसऱ्या दिवशी दिले आणि तेही तोंड वाकडे करून.

मधल्या खोलीतली ती रेषा अजून पुसट दिसते. पाहुणे विचारतात, "तात्या, हे काय?" आम्ही सांगतो, "दहा रुपये."