ब्योल्केची तालीम

जर्मन वैमानिक कॅप्टन ओस्वाल्ड ब्योल्के न्याहारीच्या आधीच एकटा उडून यायचा. पहिलं महायुद्ध, साल १९१६, महिना सप्टेंबर, उत्तर फ्रान्समधला बेर्तांकूरचा तळ. त्याच्या ‘यागडश्टाफेल २’ या नव्या तुकडीतली पोरं खालीच ताटकळलेली असत, कारण त्यांना द्यायला पुरेशी विमानंच अजून आली नव्हती. आज काही मिळालं का, असं कुणी विचारलं की तो, माझी हनुवटी काळी दिसतेय का, एवढंच विचारी. मशीनगनच्या धुराची काजळी हनुवटीवर असली, की समजायचं, एक इंग्रज विमान कमी झालं.

हा देसाउच्या शाळामास्तरांचा मुलगा. दम्याचा त्रास असलेला, पण हट्टी. सैनिकी शाळेत घ्या, म्हणून पोरवयात त्याने घरच्यांच्या नकळत थेट जर्मन सम्राट कैसरला पत्र धाडलं होतं. तारायंत्र दलातून तो वैमानिक झाला आणि १९१५मध्ये डूएच्या तळावर त्याला विमाननिर्माता फोकर याचं एकपंखी विमान मिळालं. समोर गोळ्या झाडायच्या, तर आपल्याच लाकडी पंख्याच्या ठिकऱ्या उडायची भीती. फोकरने बंदुकीचा चाप इंजिनाच्या फिरण्याला जोडला. पातं आड नसेल तेव्हाच गोळी सुटे. म्हणजे वैमानिकाने वेगळा नेम धरायचाच नाही, अख्खं विमान शत्रूवर रोखायचं. जानेवारी १९१६मध्ये त्याला आणि डूएच्याच तळावरच्या वैमानिक माक्स इमेलमानला एकाच दिवशी ‘पूर ल मेरीत’ हा प्रशियाचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. जूनमध्ये इमेलमान पडला. दुसराही हातचा जायला नको, म्हणून कैसरने ब्योल्केचं उडणं बंद करून त्याला बाल्कन आणि तुर्कस्तानच्या दौऱ्यावर पाठवलं.

याच सुमारास त्याने लढण्याचे आठ नियम लिहून काढले. सूर्य पाठीशी ठेवा. अगदी जवळ जाईपर्यंत गोळी झाडू नका. शक्यतो मागून गाठा. कुणी वरून झेपावलं, तर पळू नका, त्याच्यावरच चाल करा. ‘आकाशातले सरदार’ वगैरे जी वर्णनं पुढे रंगली, त्यांना इथे जागा नाही. बेसावध माणसाला पाठीमागून मारण्याची ही शिस्त आहे. गंमत म्हणजे तोच ब्योल्के पाडलेल्या इंग्रज वैमानिकाला मेसमध्ये आणून कॉफी पाजायचा आणि तळ हिंडवून दाखवायचा. दोन्ही खरं होतं.

माझ्या मते त्याने पाडलेल्या चाळीस विमानांपेक्षा ही तालीम मोठी. तोवर हवाई लढाई ही एकेकट्याची शिकार होती; त्याने ती शिकवता येण्याजोगी विद्या केली. दौऱ्यावरून परतताना त्याने पूर्व आघाडीवरच्या कोव्हेलहून दोघे निवडून आणले : घोडदळातून आलेला मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन आणि सदतीस वर्षांचा एर्विन ब्योमे, म्हणजे या धंद्यात आजोबाच. सप्टेंबरच्या मध्यात जोडबंदुकीची नवी आल्बाट्रॉस विमानं आली. १७ तारखेला ब्योल्के शिष्यांना घेऊन निघाला आणि रिश्टहोफेनने आपलं पहिलं विमान पाडलं.

आठवा नियम सांगतो, झुंज विखुरली की अनेकांनी एकाच शत्रूच्या मागे लागू नये. २८ ऑक्टोबरला ब्योल्के आणि ब्योमे एकाच इंग्रज विमानाच्या मागे होते. रिश्टहोफेन ज्याचा पाठलाग करत होता, ते दुसरं विमान मध्येच आडवं आलं. दोघांनी वळण घेतलं आणि ब्योमेची चाकं ब्योल्केच्या वरच्या पंखाला घासली. ब्योल्केचं विमान तरंगत खाली उतरलं, आदळणंही फार जोराचं नव्हतं. पण त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हतं आणि त्याचा पट्टाही नीट आवळलेला नव्हता. तो पंचवीस वर्षांचा होता. इंग्रजांनी विमानातून त्याच्यासाठी पुष्पचक्र टाकलं.

डिसेंबरात तुकडीला ब्योल्केचं नाव मिळालं. पुढच्या ऑगस्टमध्ये तिची सूत्रं ब्योमेकडेच आली आणि २९ नोव्हेंबर १९१७ला तोही हवाई झुंजीत मारला गेला. आज न्योर्फेनिखच्या तळावरून युरोफायटर उडवणारं जर्मन हवाई दलाचं ३१वं दल ब्योल्केचंच नाव लावतं.