पेरणीच्या आधी एकदा माळवदावर चढा

शेतकरी बंधूंनो, अक्षय तृतीया आली की आपल्या जिल्ह्याचे कान भेंडवळकडे लागतात. जळगाव जामोद तालुक्यातल्या त्या गावी घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी सकाळी अंदाज सांगितला जातो आणि पारावर चर्चा रंगते : यंदा पाऊस कसा, कपाशी कशी, तूर कशी. ज्याचा विश्वास आहे तो मानतो, ज्याचा नाही तो हसतो. पण पाऊस कमी येवो की जास्त, तो ज्या घरावर पडणार आहे त्या घराच्या छपराचा अंदाज मात्र कोणी घेत नाही. तो अंदाज घ्यायला घट मांडावा लागत नाही. एक शिडी, एक सळई, एक दोरी आणि अर्धा दिवस एवढे पुरे.

तुम्ही म्हणाल, कृषी खात्याच्या माणसाने बियाण्याचे बोलावे, खताचे बोलावे, हा घराच्या छपरावर कुठे चढला? त्याला कारण घडले. काही वर्षांपूर्वी सलग पाच दिवस झड लागली होती. पिकांच्या नुकसानीच्या पंचनाम्यासाठी मी पूर्णाकाठच्या एका गावी गेलो. एका धाब्याच्या घरात चहाला बसलो. वर पाहिले तर तुळईच्या टोकाशी भिंत ओली, आणि तिथून लाकडाचा भुगा गळत होता. मी घरच्या म्हातारीला म्हटले, "आजी, आज रात्री इथं निजू नका." ती हसली. "सायेब, माह्या सासऱ्याच्या हातचं धाबं हाय हे. काही होत नाही त्याले." मी फार आग्रह धरला नाही, कारण तो माझा विषय नव्हता. तिसऱ्या दिवशी ते धाबे बसले. माणसे ओसरीत होती म्हणून वाचली. आत बांधलेली गाय आणि दोन महिन्यांची कालवड गेली. तो विषय माझाच होता, हे मला तेव्हा कळले. ज्या मातीविषयी आम्ही शेतात बोलतो, तीच माती घराच्या पायाखाली आहे आणि डोक्यावरही आहे.

घाटावर एक, घाटाखाली दुसरे

आपल्या जिल्ह्याचे दोन भाग आपण बोलण्यातच करतो, घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हा घाटावरचा भाग. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर, तर खाली पूर्णेचे खोरे अडीचशे-तीनशे मीटरवर. खडक दोन्हीकडे एकच, ज्वालामुखीच्या लाव्हापासून झालेला काळा पाषाण. फरक आहे तो वरच्या मातीत.

घाटावर बहुतेक ठिकाणी दोन-चार फुटांवर मुरूम लागतो. पाया मुरमावर गेला की घर फारसे हलत नाही. इथला धोका भिंतीत असतो. जुन्या भिंती दीड-दोन हात रुंद, बाहेरून घडवलेला दगड, आतून दगड आणि मध्ये भराव चिखलमातीचा. दोन्ही बाजू एकमेकींना बांधणारे आरपार दगड घातलेले नसतील तर पावसाचे पाणी वरून मधल्या भरावात उतरते, माती फुगते आणि भिंतीला पोट येते. म्हणून घाटावर छप्पर पाहायचे असेल तर आधी भिंत पहा. ओळंबा सोडा. भिंत बाहेर झुकली असेल तर तुळईचे टोक भिंतीवरून सरकत आहे असे समजा.

घाटाखाली गोष्ट उलटी. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूरकडे खोल काळी माती. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच घराच्या पायाखालीही पडतात. पाया दरवर्षी वर-खाली होतो, भिंतीच्या कोपऱ्यातून आणि खिडकीच्या कोनातून तिरप्या भेगा निघतात, आणि छप्पर एका अंगाने बसते. इथे एक चूक सर्रास होते. मे महिन्यात दिसलेली भेग श्रावणात मिटते आणि घरमालक म्हणतो, "भेग भरून आली." ती भरून आलेली नसते, माती फुगल्यामुळे दबलेली असते. म्हणून भेगेवर सिमेंटचा छोटा ठिपका लावा, त्यावर तारीख कोरा. एकदा मे महिन्यात पहा, एकदा पोळ्याच्या सुमारास पहा. ठिपका तडकला तर घर अजून हलते आहे. अशा घरात छपराची डागडुजी करून उपयोग नाही, आधी पायाजवळ पाणी मुरणे बंद केले पाहिजे. भिंतीला लागून असलेली न्हाणी, सांडपाण्याचे डबके, उकिरडा हे दूर न्या.

खारी मातीचे गुपित

माळवदावर खारी माती टाकण्याची रीत आपल्या आजोबा-पणजोबांनी घातली. त्यांनी माती परीक्षण केले नव्हते, पण त्यांचे बरोबर होते. या मातीत सोडियमचे प्रमाण जास्त असते. ओली झाली की तिचे बारीक कण सुटे होऊन छिद्रांत बसतात आणि पाण्याची वाट बंद होते. खारपाणपट्ट्यातल्या शेतात पाणी मुरत नाही म्हणून आपण कपाळाला हात लावतो, तोच गुण छपरावर उपकाराचा ठरतो. काळी माती मात्र माळवदावर कधी टाकू नका. ती उन्हात तडकते आणि पहिल्या पावसाचे पाणी थेट पाल्यावर, मग किलच्यांवर आणि शेवटी तुळईवर नेते.

पण या गुणासोबत एक दोष येतो, तो म्हणजे वजन. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही, हे पिढ्यान् पिढ्या चालते. हिशेब करून पहा. २० फूट लांब, १० फूट रुंद खोली. त्यावर एक इंच माती म्हणजे सुमारे साडेसात क्विंटल. बारा इंच थर झाला की ९० क्विंटल. पाण्याने भिजला की शंभराच्या वर. म्हणजे ट्रॅक्टरच्या तीन भरलेल्या ट्रॉल्या तुम्ही डोक्यावर घेऊन झोपता. ज्या सागाच्या तुळईने हे वजन तरुणपणी पेलले, ती आता म्हातारी झाली आहे.

याची सर्वांत मोठी किंमत मराठवाड्याने मोजली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र संपता संपता, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात हजारो माणसे झोपेतच गेली. चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि त्यावर मातीचे जाड माळवद, अशीच ती घरे होती. भिंती फुटल्या आणि वरचा ढीग खाली आला. भूकंपाला माणूस अडवू शकत नाही, पण डोक्यावरची माती कमी करणे आपल्या हातात आहे.

घराचे वय कसे मोजावे

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराचा प्रकार आणि बांधकामाचे वय असते. ग्रामसेवक मंडळींना विनंती, दर चार वर्षांनी कर आकारणी करताना केवळ आकड्यांची नक्कल करू नका. घसारा मोजायला ते वय वापरतो, तसे धोका मोजायलाही वापरता येते. मात्र जुन्या घरांच्या बाबतीत नोंदीचे साल आणि बांधल्याचे साल एकच असेल असे धरू नका. म्हाताऱ्या माणसाला विचारा : कोणत्या दुष्काळाच्या आधीचे घर? कोणाच्या लग्नात बांधले? १९७२ च्या दुष्काळाची खूण तर प्रत्येक गावात पक्की असते.

आणि नुसते वय पाहू नका, शेवटची दुरुस्ती कधी झाली ते पहा. ऐंशी वर्षांचे, पण दरवर्षी हात फिरलेले माळवद हे बंद पडलेल्या तीस वर्षांच्या घरापेक्षा बरे. कुलूप लावून पुण्या-मुंबईला गेलेल्यांची घरे सर्वांत वाईट, कारण गळती कोणाला दिसत नाही आणि पडते ते शेजाऱ्याच्या अंगणात.

स्लॅबचे घर म्हणजे चिंता नाही, हाही गैरसमज आहे. घाटाखाली अनेकांनी घराचे बांधकाम विहिरीच्या खाऱ्या पाण्यात केले. त्या पाण्यातला क्लोराईड काँक्रीटमध्ये राहतो आणि आतल्या लोखंडाला गंज धरतो. गंजलेले लोखंड फुगते, खालचा थर पोपडा होऊन गळतो, सळई उघडी पडते. भारतीय मानकानुसार सळईच्या काँक्रीटसाठी एका लिटर पाण्यात ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराईड चालत नाही. घरकुल बांधताना विहिरीचे पाणी एकदा तपासून घ्या. वीस-पंचवीस वर्षे झालेल्या स्लॅबला खालून लाकडी दांड्याने ठोकत जा. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर तिथला थर सुटला आहे. त्यावर नुसते प्लास्टर मारणे म्हणजे पुवाळलेल्या जखमेवर पट्टी बांधणे. पंचायत समितीच्या अभियंत्याला दाखवा.

कोणत्या महिन्यात काय पहावे

हवामान प्रत्येक छपराची परीक्षा वेगवेगळ्या महिन्यात घेते. मे महिन्यात उन्हाने टिनपत्रे तापून ताणतात, रात्री आकसतात, आणि हुकांची छिद्रे मोठी होत जातात. मग रोहिणीत वावटळ आली की पत्रा उडतो. पत्र्यावर दगड ठेवणे हा उपाय नाही. दगड वाऱ्याने सरकतो आणि माणसाच्या डोक्यात पडतो. हूक बदला, खालचे वायसर नवे घाला, कडेचे पत्रे तारेने वाशांना बांधा. कवेलूचे घर असेल तर मृगापूर्वी कवेलू फेरून घ्या.

पावसाळ्यात माळवदाचा शत्रू जोराची सर नव्हे, झड आहे. सर आली, पन्हाळातून वाहून गेली. झडीचे पाणी मात्र दिवसेंदिवस थरात राहते. आणि कधी दोन्ही एकदम येतात. २२ जुलै २०२३ रोजी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी असा पाऊस झाला की नद्या-नाले गावात शिरले, घरे पडली, शेती खरडून गेली. अशा पावसानंतर ऊन पडले की धोका टळला असे समजू नका. भिजलेली भिंत वाळताना तडकते. पुढचे आठ दिवस जपा.

गारपिटीचाही विसर नको. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्याने ती पाहिली. गारांनी सिमेंटचे पत्रे फुटतात, कवेलू फुटतात, आणि बारीक तडे डोळ्यांना दिसत नाहीत. दिवसा घरात अंधार करून वर पहा, तड्यातून उजेड दिसतो.

तपासणी अशी करा

पहिले, आतून सुरुवात करा. तुळईची दोन्ही टोके, जी भिंतीत गेलेली असतात, तिथे सळईने टोचा. सळई सहज आत गेली तर लाकूड कुजले. भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी आहे.

दुसरे, तुळईच्या दोन्ही टोकांना खालून सारख्या जाडीचे लाकडी तुकडे धरून दोरी ताणा. मध्यभागी दोरी आणि तुळई यांतले अंतर टोकापेक्षा जेवढे कमी, तेवढी तुळई वाकली. हे माप दारामागे लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी पुन्हा घ्या. वाढले असेल तर टेकू द्या.

तिसरे, वर चढा, पण छप्पर कोरडे असताना. ओल्या माळवदावर किंवा सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, फळी टाका. विजेची तार जवळ असेल तर आधी वीज बंद करा. सळई खुपसून मातीचा थर मोजा. सहा इंचांच्या वर असेल तर जास्तीची माती काढा. काढताना खाली टेकू द्या आणि दोन्ही बाजूंनी सारखी काढा. एकाच अंगाने काढली तर तोल जातो. ही खारी माती शेतात पसरू नका, जमीन बिघडेल.

चौथे, पन्हाळे मोकळी करा, माळवदावर उगवलेले गवत, पिंपळाचे रोप मुळासकट काढा.

पाचवे, पावसाआधी घराचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. उद्या पडझड झाली तर पंचनाम्यात आधीची स्थिती दाखवता येते. आपत्ती मदतीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ च्या निकषांत सपाट भागातील पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये होते, पण अंशतः पडझडीला नुकसान किमान १५ टक्के असावे लागे आणि तेव्हा पक्क्या घराला ६,५०० व कच्च्या घराला ४,००० रुपये मिळत. चालू दर तहसीलमध्ये विचारा. तलाठी बंधूंनी पंचनाम्यात नुसते "घर पडले" न लिहिता भिंत किती फूट, छप्पर किती फूट, गोठा घराला लागून होता की नाही, हे लिहावे. एका ओळीच्या आळसाने गरिबाची मदत अडते.

आणि शेवटचे. तपासणीत धोका दिसला तर घरच्यांनी ऐकले पाहिजे. सासऱ्याने बांधलेल्या घराचा अभिमान जरूर असावा, पण सासऱ्याने तुळई बसवली तेव्हा ती नवी होती. सरपंच आणि पोलीस पाटलांनी झड लागल्याच्या दिवशी गावातली अशी पाच-दहा घरे फिरून यावी आणि त्या माणसांना शाळेत किंवा समाजमंदिरात निजायला न्यावे. जनावरे मोकळ्या जागी बांधावी. मी त्या दिवशी म्हातारीला एकदाच म्हटले, दुसऱ्यांदा म्हटले नाही. तुम्ही दुसऱ्यांदाही म्हणा.

मृगाला अजून वेळ आहे. तिफणीचे फण घासायला काढाल त्याच दिवशी शिडीही काढा.