डोकी नव्हे, गावं मोजा!

समजा एका होस्टेलच्या मेसमध्ये नवा वॉटर फिल्टर बसवला, दुसऱ्या होस्टेलच्या मेसमध्ये नाही. दोन्हीकडे ४००-४०० मुलं. महिन्याभराने पहिल्या मेसमध्ये पोटाच्या तक्रारी कमी झाल्या. मग फिल्टर पास? मी म्हणेन, नाही! हा प्रयोग ८०० मुलांवर झालाच नाही, तो फक्त २ मेसवर झाला. पहिल्या मेसचा आचारी जास्त स्वच्छ असेल, तर फरक त्याच्यामुळेही पडला असेल.

एका मेसमधली मुलं किंवा एका गावातली माणसं बरीचशी सारखी असतात. पाणी तेच, डॉक्टर तोच, सवयी त्याच. हे साम्य 'रो' या अक्षराने मोजतात. गटात 'म' माणसं असतील, तर एकूण माणसं १ + (म − १) × रो इतक्या पटीने जास्त घ्यावी लागतात. रो ०.०१ आणि गट १०१ जणांचा असेल, तर उत्तर येतं २. म्हणजे २०२० माणसांची किंमत १०१०! आणि गंमत म्हणजे, गट कितीही फुगवला तरी तो १०० सुट्या माणसांच्या पुढे जातच नाही. म्हणून माणसं नव्हे, गट वाढवायचे.

मग गट घ्यायचेच कशाला? कारण तपासणीचं शिबिर गावात भरतं. एका घरी जा, शेजारच्या घरी जाऊ नका, हे कसं जमणार?

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. १९९९ मध्ये उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर असा अभ्यास सुरू झाला. ४९७ गावांचे ५२ गट केले, त्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. कुठल्या गटाला काय मिळणार, हे नशिबावर सोडलं. १३ गटांना एचपीव्ही टेस्ट, १३ ना पॅप स्मिअर, १३ ना व्हिनेगर लावून तपासणी आणि १३ ना फक्त नेहमीची आरोग्यसेवा. २००९ मध्ये निकाल छापून आला. नेहमीच्या सेवेच्या गटात या कॅन्सरने ६४ मृत्यू, एचपीव्ही गटात ३४. बाकी दोन पद्धतींत खात्रीने सांगावी अशी घट दिसली नाही.

त्या नेहमीच्या सेवेच्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या. त्यांना तपासणी न देणं योग्य होतं का, यावर पुढे बराच वाद झाला. मला वाटतं, म्हणूनच हे गणित आधी नीट मांडायला हवं. गट कमी पडले आणि उत्तरच मिळालं नाही, तर एवढ्या जणींनी दिलेली वर्षं फुकट जातील.