लहान मैदानांची वारी

गेल्या डिसेंबरात मावशीकडे इंदूरला गेलो होतो. इंदूरला जाऊन आलेला माणूस सराफ्यातील खाऊगल्ली, राजवाडा आणि पोहे-जिलबी यांविषयी बोलतो. मी मात्र तेथून एका मैदानाची लांबी पावलांनी मोजून आलो. वसतिगृहातील मित्रांनी यथेच्छ थट्टा केली. एकाने तर मी जमीन विकत घेतो आहे काय, असे कन्नडमध्ये विचारले. त्या सर्वांना एकदाच उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

अनोळखी गावी जाऊन तेथील लहानसहान मैदानावर, ज्या संघांशी आपला काडीचाही संबंध नाही असा फुटबॉलचा सामना पाहणे, हा एक छंद आहे. मराठीत त्याला नाव नाही. इंग्रजीत 'ग्राउंडहॉपिंग' म्हणतात, म्हणजे या मैदानावरून त्या मैदानावर उड्या मारीत जाणे. मला आपला वारी हाच शब्द बरा वाटतो, कारण यात पायपीट फार आणि पुष्कळदा उपासही घडतो.

हा छंद विशेष फोफावला तो इंग्लंडात. तेथे १८८८ साली बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग सुरू केली. आज वरच्या चार श्रेणींत मिळून ९२ क्लब आहेत. या ९२ च्या खाली जे असंख्य क्लब उरतात त्यांना 'नॉन-लीग', म्हणजे लीगबाहेरचे, म्हणतात. नाव फसवे आहे. त्यांच्याही लीग आहेत, पायऱ्या आहेत, बढती आणि घसरण आहे. फक्त जिन्याच्या वरच्या टोकाला एक बंद दार होते. लीगमध्ये शिरायचे तर आधीच्या सभासद क्लबांची मते मिळवावी लागत, आणि आपल्यापैकी कोणाला बाहेर काढण्यास सभासद सहसा तयार नसत. १९८६-८७ च्या हंगामापासून पाचव्या श्रेणीच्या विजेत्याला थेट प्रवेश मिळू लागला. असा वर चढलेला पहिला क्लब स्कारबरो.

तेथील लहान मैदानांना मोठा इतिहास आहे. शेफील्ड येथील सँडीगेट मैदानावर २६ डिसेंबर १८६० रोजी हॅलम आणि शेफील्ड या क्लबांचा सामना झाला होता. जगातील सर्वांत जुने फुटबॉल मैदान म्हणून त्याची ख्याती आहे, आणि तेथे खेळणारा हॅलम क्लब आजही लीगबाहेरचाच आहे. फेब्रुवारी १९७२ मध्ये हेरफर्ड या लीगबाहेरच्या क्लबाने एफ. ए. कपात न्यूकॅसल युनायटेडला आपल्या चिखलाच्या मैदानावर २-१ असे हरविले. त्यातील रॉनी रॅडफर्डचा लांबून मारलेला गोल अजून लोक पुनःपुन्हा पाहतात. २०१० पासून तर वर्षातून एक शनिवार या लहान क्लबांसाठी राखलेला असतो. राष्ट्रीय संघांच्या सामन्यांमुळे वरच्या श्रेणींना सुट्टी असते, तेव्हा मोठ्या क्लबांच्या चाहत्यांनी आपल्या जवळच्या लहान मैदानावर जावे अशी ती कल्पना.

आपल्याकडे असे काही आहे काय? आपण सीमाभागातील मुले या बाबतीत भाग्यवान. बेळगावहून एस.टी.ने अडीच-तीन तासांत कोल्हापूर येते आणि तेथील फुटबॉल हा या छंदाचा सर्वांत रसरशीत नमुना आहे. कोल्हापुरात संघ म्हणजे पेठ, आणि पेठ म्हणजे तालीम. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या मुळात कुस्तीच्या तालमी. लाल मातीत घाम गाळणाऱ्या पोरांनी चेंडूही आपलासा केला आणि तालमीच्या नावानेच संघ उभे राहिले. १९४० साली स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सर्वांच्या तोंडची के.एस.ए., राजर्षी शाहू स्टेडियमवर सामने भरविते. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हंगाम चालतो. कामावरून परस्पर आलेली माणसे, शेंगदाण्याच्या पुड्या आणि पेठेपेठेचे झेंडे. कोण कोणत्या बाजूला बसणार हे ठरलेले असते. मला ते ठाऊक नव्हते. पहिल्याच खेपेला मी एका पेठेच्या गर्दीत बसून समोरच्या संघाच्या गोलला टाळ्या वाजविल्या. शेजारच्या मावळ्याने माझ्याकडे पाहिले आणि "पाव्हणं, गाव कंचं?" एवढेच विचारले. बेळगाव म्हणताच त्याने मला शेंगदाणे दिले. प्रत्येक वेळी असे शेंगदाण्यांवर भागत नाही, हेही सांगितले पाहिजे. समर्थकांतील हाणामाऱ्यांमुळे तेथे सामने थांबवावे लागल्याचे प्रसंग घडलेले आहेत. ज्या प्रेमामुळे स्टेडियम भरते त्याच प्रेमामुळे ते कधी कधी बंदही पडते.

इंदूरची तऱ्हा निराळी. ते गाव क्रिकेटचे. होळकरांच्या संघाने सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात रणजी करंडक चार वेळा जिंकला. यशवंत क्लबच्या मैदानावर त्या संघाचे सामने होत. पुण्याला १९४८ साली महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावा काढणारे आपले कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर होळकर संघाकडूनही खेळले. तेव्हा इंदुरात फुटबॉल शोधणे म्हणजे पंढरपुरात जाऊन दर्गा शोधण्यासारखे, असे मावसभाऊ म्हणाला. (पंढरपुरात दर्गा आहे, हे त्याला ठाऊक नसावे.)

पण इंदूरपासून वीसएक किलोमीटरवर महू आहे, आजचे डॉ. आंबेडकरनगर. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंग्रजांनी वसविलेली ही छावणी. आपल्या देशात फुटबॉल आला तो बराचसा छावण्यांच्या वाटेने. ड्युरँड करंडक १८८८ साली सिमल्याजवळ डागशाईला सुरू झाला तोही लष्करी पलटणींसाठीच. बेळगावही छावणीचेच गाव. म्हणून माझी खात्री होती की महूच्या इतक्या जवळ चेंडू कोठे तरी उडत असणारच.

रविवारी सकाळी पोह्यांच्या गाडीवर उभा असताना गुडघ्यापर्यंत मोजे घातलेली दोन मुले पोहे खाताना दिसली. पोहे संपवून ती निघाली, मी त्यांच्या मागे निघालो. अशा रीतीने मैदान सापडले. छंदातील पहिला धडा हाच, की लहान मैदानांना पाटी नसते, मोज्यांच्या मागे जावे.

मैदानाला एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला रस्ता. गवत कोपऱ्यांतच शिल्लक. गोलची आडवी दांडी मध्ये वाकलेली, जाळी एकाच गोलला. एक वयस्क गृहस्थ पत्र्याच्या डब्याला भोके पाडून त्यातून फक्की पाडीत रेषा आखीत होते. मी आपला लांबी मोजू लागलो. माझे एक पाऊल साधारण पाऊण मीटरचे. एका बाजूने १२४ पावले भरली, दुसऱ्या बाजूने ११८. म्हणजे एकीकडे ९३ मीटर, दुसरीकडे ८८. नियमाप्रमाणे लांबी कमीत कमी ९० मीटर हवी. हे मैदान अर्धे नियमात होते आणि अर्धे नियमाबाहेर.

"आपण काय मोजून राहिले?" त्या गृहस्थांनी मराठीत विचारले. माझ्या हातातील मराठी वर्तमानपत्र त्यांनी पाहिले असावे.

"काही नाही काका, सहज. मी बेळगावचा. सामना पाहायला आलो."

"बेळगावहून? हा सामना पाहायला?" त्यांनी डबा खाली ठेवला. "इथे तर गल्लीतलेसुद्धा येत नाहीत न."

खरेच, सुरुवातीला मी मोजली ती माणसे १९, त्यांपैकी चार मुलांचे वडील आणि एक चहावाला. सामना चांगला झाला. पाहुण्या संघाचा उजव्या बगलेवरचा मुलगा चेंडू पायाला चिकटवून पळे. मध्यंतरानंतर तोच मुलगा मोकळा सुटला असता एकाएकी खाली बसला. कोणी त्याला पाडले नव्हते. जमिनीत वीतभर खोल खड्डा होता, त्यात पाय मुरगळला. खेळ थांबला, मुलाला उचलून नेले. काकांनी टोपलीभर माती आणून तो खड्डा बुजविला आणि सामना पुढे सुरू झाला. यजमान संघ २-१ असा जिंकला, पण त्या मुलाच्या मागे राहिलेला खेळ पाहण्यात मन लागेना.

खड्डा कशाचा, हे नंतर चहा पिताना कळले. लग्नसराईत मैदान मांडवासाठी भाड्याने जाते. मांडववाले खांब उपटून नेतात, खड्डे तसेच राहतात. भाडे मालकाच्या खात्यात जमा होते, माती मात्र काका स्वतः आणतात. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी जमाखर्चाच्या वह्या रंगवितो. अशा मैदानाचा ताळेबंद कोणी मांडलेला नाही. खर्चाच्या बाजूला फक्की, पाणी, चेंडू, पंचांचे मानधन, फाटलेली जाळी. जमेच्या बाजूला तिकीट नाहीच, तेव्हा शून्य. मांडवाच्या बाजूला रोख रक्कम. कागदावर हिशेब पाहणारा कोणीही अधिकारी मांडवाच्या बाजूनेच निकाल देईल, आणि नियमाने त्याचे चुकलेही म्हणता येणार नाही.

तेव्हा काकांनी पिशवीतून एक वही काढली. शाळकरी शंभरपानी वही. तारीख, दोन्ही संघ, गोल, आणि शेवटच्या रकान्यात प्रेक्षकांची संख्या. ते म्हणाले, "लोक सांगतात मैदान रिकामे पडून असते. मग मी ही नेऊन दाखवतो." त्या दिवशीचा आकडा त्यांनी ३१ लिहिला. उत्तरार्धात काही माणसे वाढली होती. मग थोडा विचार करून त्याच रकान्यात बारीक अक्षरात त्यांनी भर घातली, 'पैकी बाहेरगाव १'.

मला तोपर्यंत वाटत होते की हा छंद निव्वळ माझ्या मौजेचा आहे. घरच्या प्रेक्षकाचा ओढा संघाकडे असतो. संघ हरू लागला की तो येईनासा होतो, जिंकू लागला की भांडू लागतो. पाहुण्या प्रेक्षकाला हरणे-जिंकणे सारखेच, तो मैदानासाठी येतो. त्याच्या एका डोक्याने तिजोरी भरत नाही, पण ज्या मैदानावर परगावचा माणूस मुद्दाम येतो ते मैदान रिकामे आहे असे म्हणणे जरा जड जाते. इंग्लंडात त्या एका शनिवारी हेच साधतात. फरक इतकाच की तेथे तिकीट असते, म्हणून पाहुण्याचे पैसेही जमेस धरले जातात. आपल्याकडे पाहुण्याने निदान चहा मैदानावरच प्यावा. मी दोन कप प्यालो.

ज्यांना हा छंद लावून घ्यायचा असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. सामन्याच्या आधी अर्धा तास पोहोचावे, कारण रेषा आखताना मैदानाची माणसे भेटतात, खेळ सुरू झाला की ती कोणाशी बोलत नाहीत. कोणत्याही संघाचा रंग अंगावर नसावा. मी कोल्हापूरला शेंगदाण्यांवर सुटलो, सर्वांना शेंगदाणे मिळतील असे नाही. पंचाला शिव्या देऊ नयेत, तो बहुधा स्वतःच्या खर्चाने आलेला असतो. ओरडायचेच तर स्थानिक भाषा शिकून घ्यावी. आपल्याकडे एकाच आक्रमणाला 'मार' आणि 'होडी' अशा दोन्ही हाका ऐकू येतात. इंदुरात 'दे दे भिया, दे' म्हणतात आणि त्याने पासही मिळतो. आणि एक वही जवळ ठेवावी.

माझ्या वहीत आजवर अकरा मैदाने झाली आहेत. अकरावे आपल्या टिळकवाडीतील लेले मैदान. ते इतक्या जवळ, की इंदूरहून परत येईपर्यंत मोजायचे सुचलेच नव्हते. पुढच्या महिन्यात कोल्हापूरचा बेत आहे. येणाऱ्यांनी जिमखान्याच्या फलकाखाली शनिवारी सकाळी सातला भेटावे. एस.टी.चे भाडे ज्याचे त्याने द्यायचे आहे, चहा मी पाजीन.