भास्कराचार्यांची एक संख्या

श्रोतेहो, आज आपणांपुढें एकच संख्या ठेवावयाची आहे. ती म्हणजे १,७६,६३,१९,०४९. एकशें शहात्तर कोटि त्रेसष्ट लक्ष एकोणीस हजार एकूणपन्नास. एवढ्या मोठ्या संख्येचा उगम मात्र एका लहानशा प्रश्नांत आहे. कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ नें गुणून त्यांत १ मिळविला असतां पुन्हां पूर्ण वर्गच होतो? शून्य अर्थातच वर्ज्य.

६१ च्या जागीं ६० घेतल्यास ४ नें काम भागतें. १६ ची साठपट ९६०, त्यांत एक मिळविला कीं ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ घेतल्यास ८ पुरतात. मधल्या ६१ ला मात्र लहानांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० हें आहे, आणि होणाऱ्या वर्गाचें मूळ ती आपली संख्या! दर सेकंदास एक याप्रमाणें रात्रंदिवस संख्या तपासल्या तरी सात वर्षांहून अधिक काळ लोटेल. आणि सहाव्या वर्षीं थकून जो ‘उत्तर नाहीं’ असें म्हणेल, तो फसेल. कोट्यवधि वेळां आलेला अनुभव म्हणजे सिद्धता नव्हे.

भास्कराचार्यांनीं हें उत्तर बाराव्या शतकांत आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथांत चक्रवाल रीतीनें काढलें. ३९ चा वर्ग १५२१. ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५. अंतर अवघें चारांचें. अशा जवळच्या जोड्या ब्रह्मगुप्तांच्या ‘भावना’ नियमानें एकमेकींत गुंफीत गेलें असतां २९,७१८ व ३,८०५ ही जोडी मिळते. पहिलीचा वर्ग दुसरीच्या वर्गाच्या ६१ पटींहून बरोबर एकानें उणा आहे. दोहोंच्या गुणाकाराची दुप्पट म्हणजे २२,६१,५३,९८०. आणि २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट करून एक मिळविला कीं आपली संख्या. म्हणजे तिच्या मागची संख्या एका वर्गाची दुप्पट, तर पुढची ३,८०५ च्या वर्गाची १२२ पट. शिवाय, आपल्या संख्येस २२,६१,५३,९८० नें भागलें असतां ६१ चें वर्गमूळ सतरा दशांश स्थळांपर्यंत बरोबर येतें.

इ. स. १६५७ मध्यें फेर्मा या फ्रेंच गणितज्ञानें हेंच ६१ चें उदाहरण आपला देशबांधव फ्रेनिकल यास घातलें. भास्कराचार्यांचें बीजगणित कोलब्रुक यांनीं संस्कृतांतून इंग्रजींत आणलें, तें १८१७ सालीं.

बुलढाणा जिल्ह्यांतील श्रोत्यांस हा वारसा दूरचा नाहीं. मलकापुरास पश्चिमेची गाडी धरली म्हणजे भुसावळ व जळगांव ओलांडून चाळीसगांव लागतें. त्याजवळच्या पाटण येथें आचार्यांचे नातू चंगदेव यांनीं त्यांचे ग्रंथ शिकविण्याकरितां मठ स्थापिल्याचें १२०७ सालचा शिलालेख सांगतो. डॉ. भाऊ दाजी यांनीं तो १८६५ मध्यें प्रसिद्धीस आणिला.

घरांतील मुलांस ६१ ऐवजीं १३ चा प्रश्न घालावा. उत्तर दोनशेंच्या आंत आहे; परंतु तपासणीनें तें गांठावयाचें कीं रीतीनें, हें त्यांनाच ठरवूं द्यावें.