चालणाऱ्या पायांना हातांची साथ

माणसाच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग जमिनीपासून त्याच्या उंचीच्या जवळजवळ दोन-तृतीयांश अंतरावर असतो आणि चालताना बहुतेक वेळ हा सगळा भार एकाच टेकलेल्या पावलावर पेलला जातो. त्यामुळे चालणे हे पायांचे काम मानले जात असले, तरी प्रत्येक पावलागणिक तोल सावरत राहण्याचेही ते काम आहे आणि त्यात धड, खांदे व हात यांचा वाटा समजला जातो त्याहून बराच मोठा आहे.

उजवा पाय पुढे पडतो तेव्हा कमरेची उजवी बाजू त्याच्याबरोबर पुढे ओढली जाते आणि सारे शरीर उभ्या अक्षाभोवती डावीकडे वळू पाहते. त्याच क्षणी डावा हात पुढे आणि उजवा हात मागे जातो, खांदे कमरेच्या उलट दिशेने किंचित वळतात आणि पायांनी दिलेला पीळ बऱ्याच अंशी उतरतो. वस्तूचे वस्तुमान अक्षापासून किती दूर विखुरले आहे आणि ती किती वेगाने फिरते आहे, यांवर ठरणाऱ्या परिमाणाला भौतिकशास्त्रात कोनीय संवेग म्हणतात. पायांचा व हातांचा कोनीय संवेग परस्परविरुद्ध असल्यामुळे संपूर्ण शरीराचा संवेग अगदी थोडा उरतो. हर्बर्ट एल्फ्टमन या अमेरिकी अभ्यासकाने १९३९ मध्येच चालण्यातील हातांच्या या कार्याची मोजमापांसह मांडणी केली होती.

हात नुसते लोंबकळत असल्यामुळे हलतात, ही समजूत अर्धीच खरी आहे. खांद्याच्या स्नायूंना त्यासाठी फार कमी जोर लावावा लागतो हे खरे, पण त्या अल्प श्रमाचा मोबदला मोठा असतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हात जाणीवपूर्वक स्थिर धरून चालणाऱ्यांची ऊर्जा सुमारे १२ टक्के अधिक खर्च झाली, तर उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे नेत चालताना हा वाढीव खर्च २६ टक्क्यांपर्यंत गेला.

तोलाच्या बाबतीत मात्र एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. सपाट जमिनीवर, कोणताही अडथळा नसताना, हात बांधून चालणारा माणूस काही लगेच डगमगत नाही. हातांची खरी किंमत कळते ती धक्का बसल्यावर, ठेच लागल्यावर किंवा पाय घसरल्यावर. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले, की धक्क्यानंतर चाल पूर्ववत व्हायला हात मोकळे नसतील तर अधिक वेळ लागतो. अशा वेळी विचार करायला सवड नसते. अंतर्कर्णातील तोलाचे इंद्रिय, डोळे आणि तळपायांतील व सांध्यांतील संवेदना यांच्याकडून येणाऱ्या सूचनांवर मज्जासंस्था आपोआप हात बाजूला फेकते. हात पसरले की शरीराचे वस्तुमान अक्षापासून दूर जाते, कलण्याची गती मंदावते आणि पुढचे पाऊल योग्य जागी टाकायला क्षणभराची उसंत मिळते. दोरावरून चालणारी डोंबाऱ्याची मुलगी आडवी काठी धरते त्यामागेही हेच तत्त्व आहे. झोक गेल्यावर हात गरागरा फिरवण्याचा उपयोग वेगळा: हात पडण्याच्याच दिशेने फिरतात, तेव्हा धड उलट दिशेने ढकलले जाऊन सावरते.

वय वाढते तसा हा प्रतिसाद मंदावतो. म्हणूनच दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या घेऊन जिना उतरणाऱ्या वृद्धांची काळजी वाटते. त्यांचे ओझे जड असतेच, शिवाय कठडा धरायला आणि तोल सावरायला लागणारे हातही त्यात अडकून पडलेले असतात.

हातांच्या झोक्यावरून मेंदूच्या आजाराचाही माग लागू शकतो. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात, चालताना एका बाजूच्या हाताचा झोका कमी होणे हे बऱ्याचदा आरंभीच्या लक्षणांपैकी एक असते आणि ते थरथर सुरू होण्याआधीही दिसू शकते. त्या बाजूचा खांदाही अनेकदा दुखतो, मग तो आखडला आहे असे समजून केवळ खांद्यावरच उपचार होत राहतात. म्हणून मज्जाविकारतज्ज्ञ रुग्णाला काही पावले चालायला लावतात आणि पायांइतकेच बारकाईने त्याच्या हातांकडे पाहतात.